एच-इंडेक्स की निवडक पाच पेपर? बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी बायोडेटात वर काय ठेवावं

असिस्टंट प्रोफेसरची जागा असो, फेलोशिप असो नाहीतर ग्रँट, अर्ज भरताना पब्लिकेशन्सच्या पानावर गाडी अडतेच. वर ठळक अक्षरात एच-इंडेक्स आणि टोटल सायटेशन्स टाकायचे, की आपले पाच पेपर निवडून प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी लिहायच्या? (सायटेशन म्हणजे आपल्या पेपरचा दुसऱ्या पेपरात दिलेला संदर्भ, आणि एच-इंडेक्स १० म्हणजे किमान १० वेळा सायट झालेले १० पेपर.) मी दोन्ही प्रकारे अर्ज केलेत, त्यामुळे जे जाणवलं ते लिहितोय, तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी एच-इंडेक्सची बाजू, कारण त्याला उगाच झोडपण्यात अर्थ नाही. २००५ मध्ये हर्श या फिजिसिस्टने तो मांडला, त्याचा फायदाच हा की एखाद्या गाजलेल्या पेपरमुळे अख्खा रेकॉर्ड फुगून दिसत नाही. आपल्या विषयात तर हे फारच होतं. लॉरीचा प्रोटीन एस्टिमेशनचा १९५१ चा पेपर, ३ लाखांच्या वर सायटेशन्स, मग लेमलीचा १९७० चा प्रोटीन जेलवर वेगळी करण्याचा, मग ब्रॅडफर्डचा १९७६ चा, तोही प्रोटीन मोजण्याचाच, आपण सगळ्यांनी हे डोळे झाकून सायट केलेत. लॉरींना स्वतःलाही तो पेपर काही थोर वाटत नव्हता. मेथडचा असा एखादा पेपर टोटल सायटेशन्समध्ये बाकी सगळं झाकून टाकतो, एच-इंडेक्समध्ये मात्र तो एकच धरला जातो. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडे वशिल्याचा विषय कायम असतो, मोठ्या गाईडचं नाव पाठीशी नसलेल्या, तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलामुलींना आकडा थोडं तरी संरक्षण देतो, हे मी मनापासून मानतो.

पण माझं मन ज्याने उडालं ती गोष्ट म्हणजे हा आकडा एक नसतोच. गुगल स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट, पुस्तकातले चॅप्टर सगळ्यांतले सायटेशन्स धरतं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस आपापल्या यादीतली जर्नल्स बघतात, म्हणजे एका माणसाचे तीन एच-इंडेक्स. एका इंटरव्ह्यूला मी १९ लिहिलेला, खाली कुठून घेतला तेही लिहिलेलं, समोरच्या सरांनी मोबाईलवर त्यांच्या सवयीच्या डेटाबेसमध्ये बघितलं तर १४, आणि "हे वरचे पाच कुठले?" इथून जे सुरू झालं ते संपेचना, माझं प्रोटीएज इनहिबिटरवरचं (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमना रोखणाऱ्या रेणूंवरचं) काम राहिलं बाजूला आणि मी आपला इंडेक्सिंग समजावत बसलो. त्यात माझं नाव काही पेपरांवर एका इनिशियलने, काहींवर वडिलांच्या नावासकट दोन इनिशियल्सने छापलेलं, त्यामुळे पेपर दोन प्रोफाइलमध्ये वाटले गेलेले, आणि एका ठिकाणी त्याच आडनावाच्या कुणा हाडांच्या डॉक्टरांचा गुडघ्याच्या ऑपरेशनचा पेपर माझ्या यादीत. कुलकर्णी, पाटील, जोशी मंडळींना हे सांगायला नको.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं तर आणखी कठीण. बायोकेमिस्ट कमला सोहोनींचंच बघा, माहेरच्या भागवत, १९३९ मध्ये केंब्रिजहून वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर रॉबिन हिलबरोबर 'नेचर'मध्ये आल्या त्या भागवत म्हणून, आणि पुढे मुंबईत कडधान्यांतल्या ट्रिप्सिन इनहिबिटरवर पेपर काढले ते सोहोनी म्हणून. नुसत्या नावांच्या जुळणीवर चालणाऱ्या यंत्राला या दोघी एकच हे कसं कळणार, आणि मग त्यांचा 'इंडेक्स' तो कुठला धरायचा?

पाच पेपरांच्या पद्धतीत हा घोळच उरत नाही. शिवाय त्यात आपण नक्की काय केलं हे सांगता येतं, जे सायटेशनच्या आकड्यात कधीच दिसत नाही. मी एका पेपरखाली लिहिलं होतं, "इनहिबिटरचं प्युरिफिकेशन आणि कायनेटिक्स माझं, क्रिस्टल स्ट्रक्चर दुसऱ्या लॅबचं." त्या एका ओळीवर कमिटीतल्या मॅडमनी केआय (इनहिबिटर एन्झाइमला किती घट्ट धरतो तो आकडा) कसा काढला, इनहिबिशन कॉम्पिटिटिव्ह कशावरून, असं खोदून खोदून विचारलं आणि बोलणं कामावर राहिलं. सात-आठ लेखकांच्या यादीत मधे कुठेतरी नाव असलेल्याला तर याशिवाय दुसरा मार्गच नाही.

तोटे आहेतच. वाचणारे लोक लागतात, शंभर अर्ज समोर असले की कोण वाचणार हा प्रश्न खराच आहे. लिहायला वेळ जातो आणि काही जण त्यात भरपूर हवाही भरतात. पण वारं थोडं या बाजूला वळलंय असं वाटतं, संशोधन कसं तोलावं यावरच्या २०१२ च्या डोरा जाहीरनाम्यावर इंडिया अलायन्ससारख्या फंडिंग देणाऱ्यांनीही सही केलीय आणि जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात त्या आकड्यावरून) माणूस तोलू नका हेच त्याचं मुख्य म्हणणं आहे.

जिथे फॉर्मच आकडे मागतो तिथे अर्थात इलाज नाही. युजीसीच्या २०१८ च्या नियमांत रिसर्च स्कोअर इम्पॅक्ट फॅक्टरच्या टप्प्यांनी वाढतो आणि दोनापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के, तिथे गुपचूप टेबल भरायचं. पण जिथे मोकळी जागा आहे तिथे मी तरी आता पाच पेपर वर ठेवतो आणि एच-इंडेक्स शेवटी एका ओळीत, डेटाबेसचं नाव आणि बघितल्याची तारीख टाकून. ऑर्किड आयडी (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख क्रमांक) अजून काढला नसेल तर अर्जाला हात लावायच्या आधी काढा, फुकट आहे, आणि आपल्या नावाची जेवढी रूपं कुठेकुठे छापलीयत तेवढी सगळी त्यात घाला.