दोन ट्रिंकेटमधून एक निवडताना: डमीवर मोजायचं की सिम चालवायचं?

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये दोन ट्रिंकेटमधला (पात्राची ताकद वाढवणाऱ्या वस्तूंमधला) फरक एखाद्या टक्क्याचा असेल, तर खरा प्रश्न हाच की तो मोजायचा कशावर. शहरातल्या डमीवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, की सिम्युलेशनक्राफ्टमध्ये, म्हणजे लढत आपोआप खेळून बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये (थोडक्यात सिम)? दोन्हीची बाजू आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

डमीची मोठी जमेची बाजू म्हणजे तिथले आकडे तुमच्या हातचे असतात. कूलडाऊन (ठरावीक वेळानेच वापरता येणारी क्षमता) उशिरा दाबला, दोन स्पेलमध्ये अर्धा सेकंद गेला, हे सगळं त्यात उतरतं. सिम मात्र ठरलेल्या प्राधान्ययादीप्रमाणे, न चुकता खेळतं. त्यामुळे नवा स्पेक (पात्राचा खेळण्याचा प्रकार) शिकत असाल किंवा टॅलेंट (निवडलेल्या क्षमता) बदलले असतील, तर आधी डमीवरच जा.

मोजायला गेलं की मात्र डमी रडवते. समजा, पाच मिनिटांत 200 फटके बसतात आणि क्रिटची (जास्त जोराच्या फटक्याची) शक्यता 25 टक्के आहे. सरासरी 50 क्रिट पडायला हवेत, पण एका खेपेला 44 आणि दुसऱ्या खेपेला 56 पडणं अगदी नेहमीचं आहे. क्रिटला दुप्पट डॅमेज धरलं, तर तेवढ्यानेच एकूण आकडा दोन-अडीच टक्के खाली-वर होतो. त्यात ट्रिंकेटचा प्रॉक (योगायोगाने सुरू होणारा परिणाम) सरासरी मिनिटाला एक असेल, तर पाचऐवजी कधी तीन, कधी सात मिळतात. एकूण चढउतार 3 टक्के धरू. एक टक्क्याचा फरक खात्रीने ओळखायला प्रत्येक ट्रिंकेटच्या सत्तरेक खेपा लागतात. पाच मिनिटांची एक, म्हणजे दोन्ही ट्रिंकेट मिळून जवळजवळ बारा तास! दहा-दहा खेपांवर निकाल दिला, तर त्या सरासऱ्यांमधली अनिश्चितताच फरकापेक्षा मोठी असते. ब्लडलस्टसह (गटाचा वेग थोडा वेळ वाढवणाऱ्या स्पेलसह) मोजायचं म्हटलं, तर दर वेळी तो पुन्हा घेऊ न देणारा दहा मिनिटांचा डिबफ सरायची वाट बघा. शिवाय डमीची हेल्थ सहसा 20 टक्क्यांखाली येतच नाही, म्हणजे वॉरियरचा एक्झिक्यूटचा (शत्रूची हेल्थ कमी झाल्यावरच्या खास फटक्याचा) टप्पा मोजणीतून गायब.

माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. दोन-चार खेपांनंतर ज्या ट्रिंकेटचे प्रॉक चांगले पडले तेच भारी वाटतं, आणि डिटेल्स या डॅमेज मोजणाऱ्या अ‍ॅडऑनमधला (गेमला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममधला) मोठा आकडा बघितला की ते मनातून जाता जात नाही.

सिम तीच लढत हजारो वेळा खेळतं. तोच 3 टक्क्यांचा चढउतार 10,000 खेपांच्या सरासरीत 0.03 टक्क्यांवर येतो. चूक निम्मी करायची तर खेपा चौपट लागतात, आणि हे ओझं संगणकाने उचललेलंच बरं. कृतीही सोपी आहे: सिम्युलेशनक्राफ्टचं अ‍ॅडऑन टाका, चॅटमध्ये /simc लिहा, येणारा मजकूर कॉपी करून रेडबॉट्स या सिम चालवणाऱ्या वेबसाइटवर चिकटवा आणि तिथल्या टॉप गिअरमध्ये दोन्ही ट्रिंकेट निवडा.

सिमही फसवू शकतं, पण कुठे फसवतं ते आधीच माहीत असतं. नेहमीचा प्रकार पॅचवर्क: एकच शत्रू, एका जागी उभा, साधारण पाच मिनिटं. तुमच्या बॉसशी लढताना सतत पळावं लागत असेल किंवा मध्येच चार शत्रू येत असतील, तर क्रम उलटू शकतो. म्हणून शत्रूंची संख्या आणि लढतीची लांबी बदलून पुन्हा चालवा. दोन-तीन मिनिटांच्या कूलडाऊनशी जुळणारं ट्रिंकेट लढत अर्ध्या मिनिटाने लांबली, तरी वर-खाली होतं. अहवालात आकडा किती चुकू शकतो त्याची मर्यादा दिलेली असते. दोन ट्रिंकेटमधलं अंतर तिच्यापेक्षा कमी असेल, तर दोन्ही सारखीच समजा. सरासरी सारखी निघाली, तर डीपीएसच्या (दर सेकंदाच्या डॅमेजच्या) वितरणाचा आलेख बघा. ज्याचा पसारा अरुंद, ते प्रोग्रेसच्या (अजून न हरवलेल्या बॉसवर प्रयत्न करण्याच्या) रात्री बहुधा जास्त सोयीचं, कारण एन्रेजच्या (वेळ संपून बॉस अनावर होण्याच्या) आधी बॉस पाडायचा असतो तेव्हा तुमची सर्वांत वाईट खेपही पुरेशी पडायला हवी.