माती तपासणी लॅब: समजावणं एक नंबर, फोन मात्र उचलत नाहीत

नागपूरजवळ कोराडीकडे घर आहे, वीजकेंद्राच्या राखेची धास्ती, म्हणून परसातली माती एका खासगी लॅबमध्ये दिली. शिसं-कॅडमियम या विषारी धातूंची टेस्ट पाहिजे हे आधीच ठासून सांगा, नाहीतर नेहमीची एनपीकेच (नत्र, स्फुरद, पालाश) करून देतात. पैसे जास्तच वाटले. पण तिथल्या मॅडमनं जे समजावलं ना, ते भारी होतं, म्हणजे झाड फायटोकेलेटिन नावाचे रेणू बनवून कॅडमियमला धरतं अन् पेशीतल्या व्हॅक्युओल नावाच्या पिशवीत कोंडून टाकतं, अडगळीच्या खोलीला कुलूप लावल्यासारखं, त्यामुळे झाड टवटवीत दिसतं पण विष आतच राहतं. मंग हिरवागार पालक पाहून खुश होऊन काय फायदा! शिसं बरंचसं मुळातच अडकतं, कॅडमियम मात्र पानांत चढतं, म्हणून पालेभाजीपेक्षा टमाटर-काकडी बरी म्हणे. माती आम्लधर्मी असली तर कॅडमियम अजून सुटतं, आपली काळी माती सहसा तशी नसते, म्हणून त्या बाबतीत बरी. मोहरी धातू चांगले ओढते, पण असे धातू असलेल्या मातीतली खायची नाही अन् कंपोस्टमध्येही टाकायची नाही. रिपोर्टसाठी फोन करून करून थकलो, शेवटी जाऊनच आणला. चार स्टार. पार्किंग नाही, गाडीनं जाऊ नका.