स्वस्त ॲडजस्टेबल कंपाउंड बो घेताय? आधी स्ट्रिंगचं विचारा

पीप फिरतो. पीप म्हणजे धनुष्याच्या दोरीत, स्ट्रिंगमध्ये, बसवलेला भोकाचा छोटा तुकडा; त्यातून नेम धरायचा. या बोबद्दल माझी तक्रार एवढीच, पण खेळाचा विचका करायला ती पुरेशी आहे. स्ट्रिंग पूर्ण ओढली की पीपचं भोक बरोबर डोळ्यासमोर यायला हवं. लेकीच्या बोवर ते तिरकं व्हायचं. ती मान वाकडी करून स्कोप, म्हणजे समोरचं नेमाचं भिंग, शोधणार, तोवर हात थरथरायला लागायचा.

साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हापासून लेकीच्या डोक्यात कंपाउंडच, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. वाढत्या वयात दरवर्षी नवा बो परवडत नाही, म्हणून 25 हजारांच्या आतला, जास्तीत जास्त ॲडजस्ट होणारा घेतला. त्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. ड्रॉ लेंथ (स्ट्रिंग किती लांब ओढायची ते) वाढवायची तर दोन्ही कॅमवरची (त्या चाकांवरची) मॉड्यूल ॲलन कीने सारख्याच खुणेवर सरकवायची. पाउंडेजसाठी (ओढायला लागणाऱ्या जोरासाठी) वरच्या-खालच्या पात्याचा लिंब बोल्ट सारखाच फिरवायचा. बो प्रेस, म्हणजे बो दाबून स्ट्रिंग सैल करणारं यंत्र, लागत नाही. लेट-ऑफ, म्हणजे पूर्ण ओढल्यावर कमी होणारा भार, 80 टक्के; म्हणून 30 पाउंड ओढले तरी नेम धरताना हातावर 6च. जाहिरातीतल्या 70 पाउंडांना भुलू नका, स्पर्धेत मर्यादा 60 चीच आहे.

पीपचं दुकानदाराला सांगितलं, तर म्हणे पीपला ओढून सरळ धरणारी रबरी नळी लावा. लावली. एप्रिलच्या उन्हात ती कडक झाली आणि ऐन ड्रॉमध्ये तुटून पोरीच्या गालावर सटकन बसली. पुन्हा फोन केला, तर "स्ट्रिंग वॉरंटीत येत नाही." नवी स्ट्रिंग सुरुवातीला थोडी ताणते आणि त्यामुळे पीप फिरतो, हे मलाही कळतं. पण शे-दोनशे बाणांनंतर ती स्थिरावायला नको? ही उन्हाळाभर लांबतच राहिली. पोराच्या तोंडाजवळ येणाऱ्या वस्तूत अशी काटकसर करणं मला अजिबात पटलेलं नाही.

बो विकायलाच काढला होता. बालेवाडीकडे सराव घेणाऱ्या सरांनी थांबवलं: "बो चांगला आहे हो, स्ट्रिंग आणि केबल बदला." त्याला मात्र प्रेस लागतोच. तो असलेला माणूस शोधण्यात आठवडे गेले, खर्चही बोचला. पण आता पीप प्रत्येक ड्रॉला सरळ येतो आणि 30 मीटरवर बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्यात एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून माझं मत बदललंय: बो जरूर घ्या, चांगल्या स्ट्रिंगचे पैसे बाजूला ठेवून घ्या, आणि जवळपास प्रेस कुणाकडे आहे ते आधी विचारा.

सध्या लेकीची ड्रॉ लेंथ 26 इंच आहे, बो 30 पर्यंत जातो. लांबी वाढवली की पीपची उंचीही पुन्हा बघावी लागते, ते दिवाळीच्या सुटीत सरांकडून करून घेणार आहे.