बंदूक विकताना तपासणी की आधी परवाना?
अमेरिकेत दुकानात ग्राहक ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरतो आणि दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेत त्याची माहिती तपासतो. बहुतेकदा काही मिनिटांत उत्तर येतं. अडकलं, तर कामकाजाचे सहसा ३ दिवस उलटल्यावर संघीय कायद्यानुसार दुकानदार बंदूक देऊ शकतो. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली ९ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल असंच मिळालं. शिवाय परवाना नसलेल्या खासगी विक्रेत्यावर या तपासणीचं संघीय बंधनच नाही.

अमेरिकेच्याच कनेक्टिकट राज्यात १९९५पासून हँडगनसाठी (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) आधी परवाना लागतो: बोटांचे ठसे, सुरक्षा-प्रशिक्षण, छाननी. वेळ आणि पैसा जातो, कमी कमाईवाल्याला ते जड जातं, हे खरंच. पण छाननी रखडली तर हँडगनही थांबते, आणि खासगी विक्रीतही परवाना लागतो. म्हणून आमचा कौल परवान्याला. फी मात्र कमी हवी.