खांदा आखडल्यानंतरचे सहा महिने : कोथरूडमधील एका योगवर्गाविषयी

गेल्या दिवाळीत फराळाचे मोठे डबे माळ्यावर ठेवताना माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. डॉक्टरांनी 'फ्रोजन शोल्डर' असे निदान केले, मधुमेह असणाऱ्यांना हे दुखणे जडण्याचा संभव अधिक असतो हेही सांगितले, आणि फिजिओथेरपीचा पहिला टप्पा संपल्यावर हळुवार हालचाली चालू ठेवण्याचा सल्ला दिला. दुखण्यापेक्षा जास्त त्रास होत होता तो रात्रीचा. उजव्या कुशीवर वळले की जाग येई आणि एकदा जाग आली की पहाटेपर्यंत मन नको त्या विचारांत भरकटत राही. अशा अवस्थेत, शेजारच्या वहिनींच्या आग्रहावरून, मी कोथरूडमधील एका छोट्या योगवर्गात नाव घातले. त्याला आता सहा महिने झाले आहेत, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

वर्ग आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसात ते नऊ या वेळेत भरतो आणि महिन्याचे शुल्क १,५०० रुपये आहे. पद्धत अय्यंगारांची. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये आपले गुरू टी. कृष्णम्माचार्य यांच्या सांगण्यावरून पुण्यात योग शिकवायला आले, पुढे इथलेच झाले, आणि मॉडेल कॉलनीतील त्यांची संस्था १९७५ पासून उभी आहे. त्यामुळे या पद्धतीत तयार झालेले शिक्षक पुण्याच्या बहुतेक उपनगरांत आढळतात. लहानपणी अय्यंगार स्वतः फार आजारी असत. ज्याचे शरीर साथ देत नाही त्यालाही आसन करता यावे, हा शरीराला आधार देणाऱ्या त्यांच्या साधनांमागचा विचार मला त्या आजारपणाशी जोडलेला वाटतो.

वर्गाची खोली या साधनांनीच भरलेली आहे. भिंतीतील कड्यांना अडकवलेले दोर, पाठीची फळी काढलेल्या लोखंडी खुर्च्या, पट्टे, लोड, चादरींची चळत आणि लाकडी ठोकळे, ज्यांना सगळेच 'विटा' म्हणतात. पहिल्या दिवशी वर्ग घेणाऱ्या ताईंनी एक पानी माहितीपत्रक भरून घेतले. रक्तदाब, काचबिंदू, मणक्याचे त्रास, झालेल्या शस्त्रक्रिया असे सगळे त्यात विचारलेले होते, आणि काचबिंदू असलेल्या एका गृहस्थांना डोके खाली जाईल असे कोणतेही आसन दिले जात नाही, हे मी पुढे स्वतः पाहिले. योगवर्ग निवडताना ही चौकशी होते की नाही, एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ कळते.

पहिले तीन आठवडे मला भिंतीजवळ उभे केले गेले. तळहात भिंतीवर टेकवून बोटांनी हळूहळू वर चढायचे, जिथे खांदा कानाकडे उचलला जाईल तिथे थांबायचे, आणि तिथेच चार-पाच श्वास राहायचे. एवढाच तो अभ्यास. मी मात्र रोज भिंतीवरची एक पुसट रेघ हेरून ठेवत असे आणि काल हात कुठवर गेला होता, आज कुठवर गेला, याचा हिशेब करत असे. ते ताईंच्या लक्षात आले. "काकू, हात किती वर गेला ते बघू नका. श्वास कुठे अडला ते मला सांगा," त्या म्हणाल्या. मी थांबून पाहिले तर श्वास गळ्याशीच अडला होता आणि दातांवर दात घट्ट रोवलेले होते. खांद्याच्या दुखण्याशी जबड्याचा काय संबंध, असे मला तोवर कधी वाटलेच नव्हते. जबडा सैल सोडल्यावर हात काही वर गेला नाही, पण त्याच जागी तो विसावला, आणि या वर्गाचे सगळे मर्म मला त्या क्षणी हाताला लागले असे वाटते.

यापूर्वी मी मोबाइलवरच्या ध्यानाच्या एका अॅपवर महिनाभर प्रयत्न केला होता. 'श्वासाकडे लक्ष द्या' असा मृदू आवाज कानांत येई, परंतु ठणकणारा खांदा सगळे लक्ष स्वतःकडेच ओढून घेई. ज्याला आज माइंडफुलनेस म्हणतात त्या सजगतेचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केला, तेव्हा नुसत्या बसण्याबरोबर हळुवार योगासनांनाही त्यात जागा दिली होती. अॅपवर मला नेमका हा भाग मिळाला नव्हता. आमच्या ताई सजगता हा शब्द क्वचितच उच्चारतात. त्या विचारतात, "डाव्या पावलाची बाहेरची कड जमिनीला लागली का?" आणि त्या कडेपर्यंत लक्ष न्यायचे म्हटले की दुसरे काही मनात धरायला वावच उरत नाही.

वर्गाचा शेवटचा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटतो. लोड उभा ठेवून त्यावर पाठ टेकायची, तळपाय जोडून पट्ट्याने बांधायचे, आणि मांड्यांखाली घड्या घातलेल्या चादरी सरकवायच्या, म्हणजे सुप्त बद्धकोणासन. माझ्या उजव्या हाताखाली आणखी एक चादर येते, कारण तो अधांतरी राहिला की खांदा ओढला जातो. चादरीची घडी कशी घालायची हे शिकवण्यात ताईंनी एक अख्खा तास घालवला होता. कडा एकावर एक नेमक्या आल्या पाहिजेत, मानेखाली घडीची गोल बाजू हवी, सुरकुती नको. त्या दिवशी मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटला होता, परंतु एकदा घाईत सुरकुतलेल्या चादरीवर डोके ठेवले आणि पंधरा मिनिटे मन त्या एका सुरकुतीभोवती फिरत राहिले, तेव्हा त्यामागचे कारण उमगले. शरीराला सगळीकडून आधार मिळाला की पाठीकडच्या बरगड्यांमध्येही श्वास पोहोचतो हे मी इथे प्रथम अनुभवले. मला झोप लागत नाही, मी जागीच असते, पण त्या जागेपणात काळजी नसते.

खांद्याविषयी प्रामाणिकपणे सांगायचे तर तो पूर्ण बरा झालेला नाही. वेणी घालता येते, वरच्या फळीवरचा डबा काढता येतो, पाठीमागे हात मात्र अजून कमरेच्या वर जात नाही. आखडलेला खांदा कित्येकदा काळानेही सुटत जातो, त्यामुळे सगळे श्रेय वर्गाला देता येणार नाही. झोपेत मात्र फरक स्पष्ट आहे. रात्री जाग आली तर मी जबडा आणि तळपाय तपासते आणि बहुतेक वेळा पुन्हा डोळा लागतो.

उणिवाही आहेत. फेब्रुवारीत ताई दोन आठवडे रजेवर असताना आलेल्या बदली शिक्षिकांनी कोणाचीही विचारपूस न करता आकडे मोजत सगळ्यांकडून एकच क्रम करून घेतला, आणि माझा खांदा पुढचे दोन दिवस ठणकत होता. बदली शिक्षकांना ती माहितीपत्रके वाचायला देणे इतके अवघड नाही. शनिवारी पंचवीसेक माणसे येतात तेव्हा लोड पुरत नाहीत आणि ताईंचे लक्षही विभागले जाते. घाम गाळायची किंवा वजन उतरवायची अपेक्षा ठेवून येणाऱ्यांची इथे निराशा होईल, हेही सांगून ठेवते.

सर्वांत मोठी अडचण जिन्याची आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि ज्यांना या संथ अभ्यासाची सर्वाधिक गरज आहे त्या गुडघेदुखीच्या बायका पहिल्या वळणावरच कठड्याला धरून थांबलेल्या दिसतात. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर वाचनालयाची एक खोली आहे आणि ती सकाळी अकरापर्यंत रिकामी असते. तिथे निदान आठवड्यातून एक दिवस वर्ग भरवावा, चादरी आणि खुर्च्या खाली आणायला आम्ही चौघी मदत करू, असे मी ताईंना लेखी दिले आहे. त्यांनी वाचनालयाच्या चिटणीसांशी बोलणे सुरू केले आहे.