मूळपुरुषांच्या जीवनावरील शास्त्राभ्यास वर्ग : एक अभिप्राय

अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या जीवनातून विश्वासाचे धडे घेणारा, बायबलमधील पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, 12 व्या अध्यायापासून पुढे क्रमाने जाणारा शास्त्राभ्यास वर्ग आमच्या मंडळीत नुकताच पूर्ण झाला. पाळकसाहेबांनी घेतलेली मेहनत पाहता त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

अब्राहामाचा विश्वास म्हटला की उपदेशात बहुधा मोरिया डोंगरच येतो, जेथे तो इसहाकाचे अर्पण करायला निघाला. या वर्गात तेथवर पोहोचण्यापूर्वीच्या काळाकडे अधिक लक्ष दिले गेले. हारान सोडताना तो 75 वर्षांचा होता आणि मुलगा इसहाक जन्मला तेव्हा 100 वर्षांचा. मधल्या 25 वर्षांत दुष्काळामुळे मिसरात (इजिप्तमध्ये) जाणे, जिवाच्या भीतीने पत्नी सारेला बहीण म्हणून सांगणे आणि संततीसाठी सारेची दासी हागार हिचा मार्ग धरणे, हे सारे घडले. पाळकसाहेबांनी यातले काहीही झाकले नाही. वचनावर भिस्त ठेवणारा मनुष्यही वाट पाहताना कसा डगमगतो हे इतक्या मोकळेपणाने क्वचितच ऐकायला मिळते, आणि आजाराशी किंवा बेकारीशी झगडणाऱ्या श्रोत्यांना त्याचा फार आधार वाटला.

सर्वांत उत्तम सत्र 23 व्या अध्यायावरचे होते. सारा 127 व्या वर्षी मरण पावल्यावर तिला पुरण्यासाठी अब्राहाम हित्ती लोकांकडे जागा मागतो. एफ्रोन आधी शेत फुकट देऊ करतो, मग आपल्यामध्ये एवढ्याचे काय, असे म्हणत 400 शेकेल (वजनाचे जुने माप) रुपे सांगतो, आणि अब्राहाम घासाघीस न करता, वेशीपाशी जमलेल्या साक्षीदारांदेखत ते तोलून देतो. शेत, गुहा, हद्दीतली झाडे, सगळ्याचा उल्लेख त्या व्यवहारात आहे. (सातबारा पाहणाऱ्या आपल्या लोकांना हा भाग चटकन समजला.) संपूर्ण देश देण्याचे वचन ज्याला मिळाले, त्याच्या मालकीची झाली ती एवढी दफनाची जागा, तरीही पुढे मिसरात मरणपंथाला लागलेला त्याचा नातू याकोब (अध्याय 49) मुलांना तेथेच पुरण्याची आज्ञा करतो. विश्वास पिढ्यांमधून कसा उतरतो हे मला या दोन अध्यायांच्या जोडणीतून प्रथमच नीट उमगले.

इसहाकाला सहसा कोणी वेळ देत नाही. येथे मात्र गरारच्या खोऱ्यातील विहिरींवर स्वतंत्र चर्चा झाली : गुराख्यांनी हक्क सांगितला की तो भांडत बसत नाही, पुढे सरकून नवी विहीर खणतो. याकोबाचे यब्बोक नदीच्या उतारावर एका अनोळखी पुरुषाशी रात्रभर झोंबणेही परिणामकारक रीतीने मांडले गेले. मामा लाबान याच्याकडची त्याची 20 वर्षे मात्र फार झटपट उरकली.

उणीव सांगायची तर स्त्रियांची. हागार रानात दोनदा एकटी पडते आणि दोन्ही वेळा देव तिची दखल घेतो. ज्या दासीला घरच्यांनी घालवून दिले तिच्या जीवनातला हा धडा केवळ अब्राहामाच्या चुकीचा परिणाम म्हणून सांगणे अपुरे आहे. याकोबाच्या पत्नी लेआ आणि राहेल यांच्याविषयीही हेच म्हणावे लागेल. पाळकसाहेबांनी पुढच्या वेळी यासाठी एक सत्र राखून ठेवावे, अशी नम्र विनंती आहे.

वर्गाला शुल्क नाही. टिपणांत फक्त संदर्भ दिलेले असतात आणि वर्गात मजकूर सलग वाचला जात नाही, त्यामुळे नवीन येणाऱ्यांनी नेमलेले अध्याय घरून वाचून येणे आवश्यक आहे.