फाल्कन ९ ची शेअर सीट : नागपूरच्या कॉलेज टीमने घ्यावी का?

सेवा : स्पेसएक्सची ‘ट्रान्सपोर्टर’ फेरी, म्हणजे एकाच फाल्कन ९ रॉकेटवर अनेकांचे छोटे उपग्रह. कक्षा सूर्यसमकालिक (एखाद्या जागेवरून दर वेळी साधारण त्याच स्थानिक वेळी जाणारी), उंची साधारण ५०० ते ६०० किमी.

रॉकेट पुन्हा वापरतात म्हणून भाडं पडलं, हे अर्धंच खरं. अख्ख्या फाल्कन ९ चा छापील दर आधी ६.२ कोटी डॉलर होता, २०२४ मध्ये जवळपास ७ कोटी. महागाई धरली तर थोडा उतरला म्हणा. पहिला टप्पा डिसेंबर २०१५ मध्ये जमिनीवर उतरला, मार्च २०१७ मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, आता एकेक बूस्टर (हाच पहिला टप्पा) वीस-पंचवीस फेऱ्या सहज मारतो. वाचलेला पैसा मुख्यतः कंपनीच्या खिशात राहतो.

शिवाय बचतीलाही मर्यादा आहे. दुसरा टप्पा दर वेळी नवा लागतो. परतीसाठी राखलेलं इंधन, चार पाय आणि जाळीदार पंख यांचं ओझं वाहावं लागतं. त्यामुळे पृथ्वीजवळच्या कक्षेत नेण्याची २२.८ टनांची क्षमता साधारण १७.५ टनांवर येते. उतरण्याची वेळही हुकता कामा नये : एकाच मर्लिन इंजिनाचा कमीत कमी जोरही रिकाम्या टप्प्याच्या वजनापेक्षा जास्त असतो, म्हणजे हवेत तरंगत थांबायची सोय नाही. वेग शून्य होणं आणि जमीन लागणं एकाच क्षणी घडावं लागतं. ऑगस्ट २०२४ मध्ये तेविसाव्या फेरीचा एक बूस्टर जहाजावर टेकताच कलंडून जळाला. ग्राहकाचा माल मात्र तोवर पुढे गेलेला असतो, त्याला झळ नाही.

मग आपल्याला मिळतं काय? वारंवारता. बूस्टर तयार असतात, म्हणून फेऱ्या ठरल्या वेळी सुटतात. नागपूरच्या कळमना बाजारातून दिल्लीला संत्र्याचा ट्रक रोज सुटतो म्हणून दोन पेट्यांनाही जागा मिळते, तसंच. स्वस्ताई खरी येते ती जागा वाटून घेतल्यामुळे.

२०२४ चा दर : ५० किलोपर्यंत ३ लाख डॉलर, पुढे किलोला ६ हजार. आधी किलोला ५ हजार पडत. पाच किलोच्या ३यू क्यूबसॅटसाठी (ठरलेल्या मापाचे तीन ठोकळे जोडून केलेला छोटा उपग्रह) थेट बुकिंग म्हणजे पंचेचाळीस किलो हवेचं भाडं. डिप्लॉयरसकट (उपग्रह ज्यातून कक्षेत सोडतात ती पेटी) जागा विकणाऱ्या मध्यस्थाकडेच जा.

चुका बहुतेक कारखान्यात होतात. क्यूबसॅटची रुंदी १०० मिमी, सूट फक्त ०.१ मिमी. हिंगणा एमआयडीसीत रेल (डिप्लॉयरमध्ये सरकणाऱ्या कोपऱ्यांच्या पट्ट्या) कापून घेताना हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर चढवलेला कडक थर मापात धरायला सांगा, नाहीतर डिप्लॉयरमध्ये अडकेल. सुटल्यावर ३० मिनिटं अँटेना उघडायचा नाही, ४५ मिनिटं रेडिओ बंद. हा टायमर बॅटरी गार असतानाही चालतो का, ते तपासा. इन-स्पेसची (खासगी अंतराळ कामांना मंजुरी देणारी केंद्रीय संस्था) परवानगी आणि फ्रिक्वेन्सीचे अर्ज धातूला हात लावण्याआधी. कागद अडले तर रॉकेट थांबत नाही.

नुसतं एखादं उपकरण तपासायचं असेल तर हे सगळं सोडा. इस्रोच्या पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम झाल्यावर ‘पोएम’ म्हणून फिरत राहतो. वीज आणि संदेशवहन त्याचंच, रेलचं माप नको, डिप्लॉयर नको.